लाल रंगाखालची नावे

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जुन्या जालन्यातल्या कापड दुकानांची कुलपे फोडणारी एक टोळीही पकडली. त्यातले पुष्कळसे आता पुसट झाले आहे. पण एका गावच्या बादल्यांची चोरी काल घडल्यासारखी आठवते आणि आठवली की हसू येते. हसू माझे मलाच येते, कारण ती चोरी मी गुन्हा म्हणून नोंदवायला निघालो होतो.

लातूरच्या भूकंपाला काही वर्षे झाली होती. मी जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. गावोगावी आपत्तीची पूर्वतयारी करा, त्यासाठी अनुदान मिळेल, असे सरकारी पत्र सगळीकडे फिरले होते. आमच्या हद्दीतल्या एका गावाने आगीसाठी अर्ज केला. त्यांची गरज खरी होती. आदल्या उन्हाळ्यात तिथे कडब्याच्या गंज्या पेटल्या, वाऱ्याने आग गोठ्यात शिरली आणि दावणीची बैलजोडी जळाली. जालन्याहून बंब पोचला तेव्हा राखेवर पाणी मारायचे काम उरले होते.

अनुदानातून इंजिन पंप, लांब पाइप आणि भोंगा मिळणार होता. मात्र गावाने आधी आपला लोकवाटा दाखवायचा होता, म्हणजे लाल रंगाच्या बादल्या आणि बचाव पथकाची यादी. गुरुवारी जिल्ह्याचे अधिकारी पाहणीला येणार होते. तयारी दिसली नाही तर हे गाव कटणार आणि शेजारच्या गावाचा नंबर लागणार, हे ठरलेले होते.

शनिवारी सकाळी सरपंचबाईंचे यजमान ठाण्यात आले. बाई राखीव जागेवर निवडून आलेल्या. सह्या बाईंच्या आणि कारभार यजमानांचा, अशी जोडी त्या काळी दर दोन गावांमागे एक सापडायची.

"साहेब, घात झाला," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "पंचायतीच्या खोलीतून एक्केचाळीस बादल्या गेल्या. बिलकुल साफ! काल सकाळी मी सोता पाह्यल्या व्हत्या."

"संशय कोणावर?"

"शेजारच्या गावावर. आमचा अर्ज कटला की त्येंचा लागतो. तुमी जल्दी चला."

अर्ज ठेवून घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि जीप काढली. सोबत आमचे हवालदार होते. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेला, मोजके बोलणारा माणूस. वाटेत एवढेच म्हणाले, "बादल्या चोरून कोन मोठं झालंय, साहेब?"

घटनास्थळी कुलूप शाबूत, कडी-कोयंडा जागच्या जागी. फरशीवर लाल रंगाचे ठिपके तेवढे होते. किल्ल्या दोन. एक ग्रामसेवकाकडे, तो आठवडाभर रजेवर, जालन्यात मस्तगडला आपल्या घरी. दुसरी सरपंचांच्या घरी. कुलूप न तोडता चोरी झाली की चोर बाहेर शोधू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. तरी यजमानांच्या समाधानासाठी शेजारच्या गावात गेलो. तिथल्या सरपंचाने स्वतःहून खोली उघडून दाखवली. आत तेलाचे रिकामे डबे रंगवून ठेवले होते. "आमच्यापाशी बादल्याच न्हाईत, तर चोरीच्या कुठून येतील?" म्हणून तो खो खो हसला.

परत येऊन गावात विचारपूस केली. एकटा माणूस खोटे बोलतो तेव्हा नजर चुकवतो. अख्खे गाव खोटे बोलते तेव्हा चहा पाजते. मला त्या दिवशी सहा घरी चहा मिळाला आणि सहाही घरी बायकांनी तेच सांगितले, "आमाला काय ठावं, साहेब? आमी आपल्या चुलीपाशी." पुरुषांना मात्र खरोखरच काही माहीत नव्हते. त्यांचे तोंड पाहूनच ते कळत होते.

सोमवारी धागा मिळाला. फाट्यावरचा रेशन दुकानदार माझा जुना खबरी. बातमी देताना तो नेहमी दुसरीकडे बघायचा. तराजू पुसत म्हणाला, "साहेब, बायांनी महिन्याचं रॉकेल दोन दिवसांत उचललं. पण धूर तर सरपणाचाच निघून राह्यलाय. मंग ह्या रॉकेलाचं करतेत काय?"

हवालदारांनी आपले तळवे माझ्यापुढे धरले. "मागल्या साली ठाण्याच्या खिडक्या रंगवल्या, साहेब. हाताचा रंग रॉकेलानंच निघाला व्हता."

आम्ही तडक सरपंचबाईंच्या घरी गेलो. यजमान ओट्यावर होते. मी बाईंना विचारले, "पंचायतीची किल्ली कोणाकडे असते?" उत्तर यजमानांनी दिले. "शुक्रवारी खोली कोणी उघडली?" तेही यजमानच बोलले.

"सरपंच कोण?" मी विचारले.

"हीच की."

"मग सरपंचांना बोलू द्या. तुमचा जबाब हवालदार जीपपाशी घेतील."

ते गेले. बाईंच्या मागे भिंतीशी एक पितळी बादली पालथी घातली होती, नुकतीच घासलेली. मी ती उचलून पाहिली. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेले होते. एका गृहस्थाचे नाव, गाव आणि 'लेकीस लग्नात सप्रेम भेट'. बाकीची बादली लखलखत होती, पण ठिपक्यांत लाल रंग अडकून बसल्यामुळे नाव उलट जास्तच उठून दिसत होते.

बाईंनी लपवाछपवी केली नाही. "मी माजी नेली, साहेब. बाकीच्यांनी आपापल्या नेल्या. शुक्रवारी दुपारी दोन वाजता. किल्ली माज्या कमरेला व्हती."

"भर दुपारी? कोणी पाहिले नाही?"

"दुपारी गावात गडी असतोय कुठं? निम्मे रानात, निम्मे जालन्याला कारखान्यात."

मग त्यांनी सगळे सांगितले. लोकवाटा म्हणून यजमानांनी घरोघरच्या बादल्या गोळा केल्या, पण पुरुषांना विचारून. बादल्या कमी पडल्या तेव्हा कळश्यासुद्धा रंगवल्या. बहुतेक भांडी बायकांच्या लग्नातली होती.

"माजा बाप गेला, साहेब," बाई म्हणाल्या. "जमिनीवर त्याचं नाव व्हतं, तिथं आता भावाचं लागलं. त्याचं नाव ह्या एका बादलीवर हाय. तिच्यावर ह्यांनी रंग फासला. इचारलं असतं तर मी सोता आणून दिली असती."

मला वाईट वाटले आणि शनिवारी मी किती तोऱ्यात जीप काढली होती तेही आठवले.

"आन ही यादी पाहा," त्यांनी कोनाड्यातून कागद काढला. बचाव पथक, वीस नावे, सगळे पुरुष. बाई बोटाने एकेक नाव दाखवत गेल्या. "हा पुण्याला असतो. हे चार जालन्याला. ह्याचा पाय मोडलाय. ह्यो मागल्या आगीच्या टायमाला बंब बोलवायला टेंभुर्णीला गेल्ता, तो सांजंला आला. आग दुपारीच लागली व्हती, साहेब. घागरी घेऊन आमीच पळालो. पण कोन कुठं पळतंय, कोन कुठं वतंय, काही मेळ न्हाई. मेळ असता तर बैलं वाचली असती."

कायद्याने आपलीच वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून नेली तरी चोरी होऊ शकते. पण इथे ताबा सरपंचांचा, कुलूप सरपंचांनी उघडलेले आणि वस्तू ज्याच्या त्याला परत दिलेल्या. यात गुन्हा शोधायचा तर मला पहिला जबाब माझ्या अकलेचाच घ्यावा लागला असता. यजमानांकडून 'वस्तू मिळून आल्या, तक्रार नाही' असे लिहून घेतले. वस्तू कुठे मिळाल्या हे ऐकल्यावर त्यांची बोबडी वळली.

"पन साहेब, गुरवारी दाखवायचं काय?"

"ते सरपंचांना विचारा," मी म्हणालो.

गुरुवारी बंदोबस्ताच्या निमित्ताने मीही गेलो. अधिकाऱ्यांनी खोली उघडली, ती रिकामी. यजमानांनी घाम पुसला. "लोकवाटा कुठे आहे?" अधिकारी त्रासून म्हणाले.

सरपंचबाई पुढे आल्या. "घरोघरी हाय, साहेब. आग लावा, मंग दिसंल."

अधिकारी माणूस रसिक निघाला. मोकळ्या जागी जुन्या पाचटाचा ढीग रचून त्याने खरेच काडी लावली. बाईंनी थाळी बडवली. दाराआडून, ओट्यांवरून, गोठ्यांतून बायका निघाल्या. विहिरीपासून ढिगापर्यंत ओळ लागली आणि भांडी या हातातून त्या हातात सरकू लागली. तीन दिवस त्यांनी गुपचूप तालीम केली होती, हे मला नंतर कळले. धूर निवळला तेव्हा कोरलेले नाव वाचून जिचे भांडे तिच्याकडे परत गेले, एकही इकडचे तिकडे झाले नाही. अधिकाऱ्याने वीस पुरुषांच्या यादीची हजेरी घेतली. तिघे निघाले, त्यातला एक कुबडी टेकत आला. बाईंनी बायकांच्या नावांची दुसरी यादी पुढे केली आणि अधिकाऱ्याने तीच प्रस्तावाला जोडली.

अनुदान मंजूर झाले. उन्हाळ्याच्या आत पंप आला, पाइप आला, भोंगाही बसला.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी गावातून आगीचा फोन आला. जीप भरधाव नेली. पोचलो तर आग विझलेली. दोन गंज्या गेल्या होत्या. गोठा उभा होता आणि बैल लिंबाखाली कडबा चघळत होते. यजमान पाइप गुंडाळत होते, बाई सांगतील तसा.

"उशीर केला, साहेब," बाई हसून म्हणाल्या. "आता पंचनामा तेवढा राह्यलाय."

या प्रकरणाने मला एक सवय लावली. पुढे बंदोबस्ताची, समितीची, पथकाची कुठलीही यादी सहीला आली की मी विचारायचो, हा माणूस दुपारी दोन वाजता कुठे असतो? निम्म्या याद्या तिथेच परत जायच्या. पण त्या आगीच्या दिवशी मी स्वतःच चुकणार होतो. कागद मांडीवर घेतला आणि सवयीने हवालदारांना म्हणालो, "गावातले दोन प्रतिष्ठित बोलवा, पंच पाहिजेत." तोवरच्या नोकरीत शेकड्याने पंचनामे केले होते, एकावरही पंच म्हणून बाईची सही नव्हती.

हवालदार जागचे हलले नाहीत. "साहेब," ते म्हणाले, "हजर तर ह्याच व्हत्या."

मी कागद सरपंचबाईंच्या पुढे केला.