पाटलाची चूल

इंझोरीच्या जगदेव पाटलांची हकिकत मी त्यांच्या मुलीच्या, रंगूबाईंच्या तोंडून ऐकली. तीनदा ऐकूनही ती मला नीट कळलेली नाही, म्हणून लिहून पाहते आहे.

प्लेगच्या साली उंदीर मरून पडू लागले, तेव्हा जगदेवांनी गाव रिकामं करून सगळ्यांना शिवारात झोपड्या घालायला लावल्या. तोवर त्यांचे दोन मुलगे गेले होते. उरली सहा वर्षांची रंगू. दुसऱ्यांच्या झोपड्या शाकारताना, तापकऱ्यांना पाणी पाजताना ते एवढंच म्हणत, "देव हाये." कुठे, म्हणून कुणी विचारलं नाही.

पुढे दीड महिना कुणी दगावलं नाही. वारा सुटला, दोन झोपड्या जळाल्या. लोक परतायला आतुर होते, पण पहिलं पाऊल कुणी टाकेना. रिवाज असा, की आधी पाटलाच्या घरची चूल पेटायची आणि तिच्यातलाच विस्तव घरोघर जायचा.

जगदेव आणि त्यांची बायको पंचफुला गावात गेले. चूल पेटली. रंगूला मात्र पंचफुलाने आपल्या बहिणीजवळ, गोजराबाईजवळ झोपडीतच ठेवलं होतं. चार दिवस विस्तव न्यायला कुणी आलं नाही.

पाचव्या दिवशी शेजारचा चंपत वेशीबाहेरूनच म्हणाला, "पाटील, भरोसा देवावर अन् पोरगी झोपडीत? आमी कायले येऊ मंग?"

जगदेव घरी येऊन बसले. "बरोबर बोलला तो."

"दोन नेले तुमच्या देवानं," पंचफुला म्हणाली. "तिसरं मी सोता नेऊन देऊ?"

"मले समजत असतं त सांगतलं असतं. काहीच समजून नाही राह्यलं."

"मंग पाटील कायले झाले?"

रंगूला आण, असं मात्र जगदेव म्हणाले नाहीत.

दुपारी पंचफुला आपणहून उठली आणि रंगूला कडेवर घेऊन साऱ्या झोपड्यांपुढून गावात आली. दिवस मावळायच्या आत बायका खापरांत विस्तव न्यायला आल्या.

याला श्रद्धा म्हणायची, की गावाची भीड? आणि कुणाची, त्यांची की तिची? मी तिच्या जागी उठले असते का?

"बाबा रोज मारुतीले जाये," रंगूबाई म्हणाल्या. "माय नाही गेली कधी. सकाळी उठली का माह्या काखेत हात घालून पिलेगाची गाठ पाहे. माह्या लग्नाच्या दिवशीही पाह्यली."