मांडीवर नेलेली पट्टी

उज्ज्वला राठोड एकोणीस वर्षांपासून सिस्टर आहे. घाटंजीजवळच्या तांड्यावरून ती शिकायला यवतमाळला आली, एका खासगी दवाखान्यात लागली आणि तिथेच राहिली. शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचा वॉर्ड तिच्याकडे असतो. तांड्यावर तिची ओळख सुई देणारी अशी आहे आणि याचा तिला राग येतो. सुई कोणीही टोचतं. टोचल्यानंतर माणसाकडे बघत राहणं हे खरं काम, आणि ते खाटेशेजारी बसलेल्यांनाही दिसत नाही.

मागच्या महिन्यात मानीबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगावर मांस नाही. दुखणं कमी व्हावं म्हणून डॉक्टरांनी खांद्याजवळ औषधाची पट्टी लावली. अफूच्या जातीचं हे औषध कातडीतून थोडं थोडं रक्तात उतरतं. उज्ज्वलाने सून सुरभीला बसवून सगळं सांगितलं. पट्टी हलवायची नाही. तिच्यावर शेक द्यायचा नाही, कारण ऊब लागली की औषध एकदम अंगात जातं. आजी फारच झोपायला लागल्या तर लगेच हाक मारायची. सुरभीने मान डोलावली. दुपारी ती घरी गेली आणि वणीहून आलेली नणंद बेबीताई खाटेशी बसली. सुरभीने जाताना तिला डबा कुठे ठेवला ते सांगितलं, पट्टीचं सांगायचं राहिलं.

तीनच्या सुमारास उज्ज्वला खाटेजवळ आली तेव्हा मानीबाई शांत पडल्या होत्या. आता कुठं डोळा लागला, उठवू नका, असं बेबीताईने बजावलं. उज्ज्वलाने घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला सात. ओठ निळसर, हाकेला ओ नाही. खांद्यावर पट्टी नव्हती. चादर सारली तर ती मांडीवर सापडली, जखमेपासून चार बोटांवर, आणि तिच्यावर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली.

"दुखते मांडी अन् पट्टी खांद्यावर," बेबीताई म्हणाली. "तुमच्या लोकायनं चुकीच्या जागी लावली होती. मी बराबर केली."

उत्तर द्यायला वेळ नव्हता. उज्ज्वलाने पट्टी काढली, कातडी धुतली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत श्वास बारावर आले. पण पट्टी काढली तरी औषध कातडीत रेंगाळतं, म्हणून दुसऱ्या दुपारपर्यंत मानीबाईंना दर तासाला जागं करावं लागलं. आपल्या मायला ही सिस्टर झोपू देत नाही, असं बेबीताईने व्हरांड्यातल्या साऱ्यांना ऐकवलं.

दुसऱ्या दुपारी औषधाचा अंमल संपला आणि दुखणं परत आलं. डॉक्टर धास्तावले होते. कागदावर त्यांनी फक्त पॅरासिटामॉल लिहिलं. मानीबाई दात आवळून पडून होत्या. कूस बदलू देईनात, खोकला आला तरी दाबून धरत. उज्ज्वला दोनदा डॉक्टरांकडे गेली. घरच्यांना अक्कल नसेल तर असली औषधं द्यायचीच कशाला, हे उत्तर तिला दोन्ही वेळा मिळालं. ती तिसऱ्यांदा गेली.

"चूक औषधाची नव्हती, सर. त्या खोकत नाहीत. छातीत कफ साचला तर न्यूमोनिया होईल, मग काय करायचं?"

"जबाबदारी कोण घेईल?"

"मी मोजते श्वास. दर पंधरा मिनिटांनी."

बावीस रुग्ण आणि दोन सिस्टर, हे दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरांनी पट्टीतल्याच जातीच्या औषधाची अगदी कमी मात्रा लिहिली. उज्ज्वलाने मानीबाईंची खाट आपल्या टेबलासमोर ओढून घेतली आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. हळूहळू सलाइनमधून औषध दिलं.

"काल त्यानंच मरत होती म्हणता," बेबीताई म्हणाली, "आज पुन्हा काहून देता?"

उज्ज्वलाने काल सुरभीला सांगितलेलं सगळं, ऊब लागली की औषधाचं काय होतं तेसुद्धा, बेबीताईला पहिल्यापासून सांगितलं. या वेळी तिने बेबीताईकडून ते वदवूनही घेतलं. बेबीताईने तोंड वाकडं करून म्हटलं, पण म्हटलं.

थोड्या वेळाने मानीबाईंचा चेहरा सैल झाला. त्या पोटावर हात धरून दोनदा खोकल्या, थुंकल्या आणि उशीवर टेकल्या.

"आता त झोपू दे मले."

"झोपा आजी. पंधरा मिनिटानं उठवतो."

"लय छळतेस वो बाई तू."

"छळतो," उज्ज्वला म्हणाली आणि त्यांच्या छातीकडे बघत मोजायला लागली.