शिंग्रोबाच्या घाटात न उतरलेली बाई

लालबागच्या मसाला गल्लीत अक्षदा तावडे एका दुकानात मसाला भरायचं काम करतात. नवऱ्याला, अभयला, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा त्याने जाड टायरची माउंटन बाइक आणली. दोनदा चालवली. मग तिच्यावर टॉवेल वाळू लागले.

"अहो, ती विका, नाहीतर चालवा," अक्षदाताई म्हणाल्या.

"तूच चालव की," अभय म्हणाला. त्याला वाटलं, विषय संपला.

परळच्या एका मैदानात त्या सायकल शिकल्या. चालवणं जमलं, तिच्यावर चढणं जमलं नाही. टांग टाकली की सायकल एकीकडे आणि त्या दुसरीकडे. फुटपाथवर पाय टेकवला, की मात्र आरामात बसता येई. त्यामुळे सिग्नलला त्या कायम कडेच्या फुटपाथलगत थांबत. लोकांना वाटे, बाई शिस्तीच्या आहेत.

डिसेंबरात दादरच्या एका सायकल ग्रुपचं हिवाळी ट्रेनिंग सुरू झालं, त्यात अक्षदाताईंनी नाव घातलं. मुंबईची थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर ठेवावा लागतो, तेवढी. तरी सगळे जॅकेट घालून आले. कोच होते माझगावचे ऑस्वाल्ड परेरा. बाकीच्यांकडे बारीक टायरच्या रोड बाइक होत्या. ऑस्वाल्डनी अक्षदाताईंची सायकल उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"ताई, ही डोंगरातली गाडी. रस्त्यावर जड जाणार."

"घरात हीच आहे."

महिनाभर सगळ्यांनी वाळकेश्वरचा चढ घासला. अक्षदाताई रोज शेवटच्या.

जानेवारीत खोपोलीहून शिंग्रोबाचा घाट चढायचं ठरलं. सायकली टेम्पोत घातल्या. सामान बघायला म्हणून अभयही आला आणि टेम्पोबरोबर पुढे घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी जाऊन थांबला.

घाट सुरू झाल्यावर अक्षदाताईंच्या लक्षात आलं, की इथे फुटपाथ नाही. एकदा उतरलं, की पुन्हा बसता येणार नाही. म्हणजे सगळ्यांदेखत सायकल ढकलत देवळापर्यंत जायचं. त्यांनी सगळ्यात हलका गिअर टाकला. वेग इतका कमी, की एक कुत्रा बराच वेळ शेजारून चालत होता. शेवटी तोच कंटाळून बसला.

वळणावळणावर रोड बाइकवाले थांबून धापा टाकत होते.

"ताई, उतरा, पाणी प्या!"

"नको!"

मांड्या पेटल्या होत्या. डोळ्यांत घाम की पाणी, ते कळेना. देवळापाशी पोचल्यावर त्यांनी टेम्पोचा फाळका धरला आणि सोडलाच नाही. अभयने बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली.

ऑस्वाल्ड मागून आले. "मी इतकी वर्षं ओरडतोय, घाटात थांबू नका. पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं!"

"सर, मला चढता येत नाही."

"अहो, चढलात की!"

"घाट नाही. सायकलवर."

ऑस्वाल्डनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं आणि तिथेच सीट धरून शिकवायला घेतलं. अक्षदाताई दोनदा पडल्या. नंतर जमलं. देवळातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याने त्यांना पडण्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी चाळीत शेजारच्या रमाबाईंनी मालवणीत विचारलं, "काय गो, लंगडतस कशाक?"

"घाट चढलंय. सायकलीन."

"आणि घोव खंय होतो तुझो, अभय?"

"टेम्पोत."

रमाबाई आत गेल्या आणि गुडघ्यांना चोळायला तेल गरम करून घेऊन आल्या.