भुरका मारायची नोकरी

चहा चाखायची नोकरी म्हटली की किश्श्यांना काय तोटा! एक सांगायला घ्यावा, तर मागून तीन ढकलाढकली करत येतात.

बाबांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, म्हणून मीही आले. पुण्यात आयटीत चिकटेपर्यंत टाइमपास म्हणून एस्प्लनेडच्या एका चहा कंपनीत लागले. बाबांनी लहानपणापासून बजावलेलं, "चहा पिताना आवाज नको!"

पहिल्या दिवशी मी ओठ मिटून इवलासा घोट घेतला. आमचे हेड टेस्टर सेनदा खेकसले, "पाहुणी आलीयेस का? जोरात भुरका मार! तोंडात हवा गेल्याशिवाय चव कळेल कशी?" मारला. पण नंतर तो थुंकायचा असतो, हे कुणी बोललंच नाही! टेबलावरच्या सगळ्या कपांतला चहा गिळला मी. त्या रात्री झोपेचं नाव नाही.

* * *

चहाचा वास बिघडतो म्हणून आमच्या ऑफिसात सेंट बंद, लसूण बंद, हिंग तर दारातच अडवतात. आई म्हणाली, "हिंगाशिवाय आमटी? काहीतरीच!" आणि घातलाच. सेनदांनी डबा जप्त केला. टेस्टिंग संपल्यावर बघते तर जिन्यात बसून बोटं चाटतायत!

"पुरावा नष्ट करतोय," म्हणाले.

* * *

मग ते हळदीकुंकू. बागबाजारच्या जोशीकाकूंनी चहा दिला आणि सवयीने माझा सणसणीत भुरका! सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मग, लग्नाचं काय?" तोंडात चहा, बोलू कशी? धावत जाऊन त्यांच्या जास्वंदीच्या कुंडीत थुंकले.

मी घरी पोचायच्या आत काकूंचा बाबांना फोन! "बास झाले हे चाळे," बाबा म्हणाले, आणि पुण्याच्या कंपनीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू ठरवून मोकळे.

* * *

इंटरव्ह्यूला बाबा कॅमेऱ्याच्या बाहेर, माझ्या शेजारीच. आईने आम्हा दोघांना चहा दिला. चहापत्ती बाबांनी सियालदहच्या एका दुकानदाराकडून मोठ्या कौतुकाने आणलेली, "एकदम ताजी!" म्हणून.

स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं, "आत्ताची नोकरी का सोडताय?"

वेळ काढायला घोट घेतला आणि... सुर्रर्र! पाठोपाठ बाबांच्या पाण्याच्या पेल्यात पचकन थुंकलेसुद्धा.

"बरं वाटत नाहीये का?" बाई दचकल्या.

"मी ठीक आहे हो! चहा शिळा आहे!" आणि मग जी सुटले! आसाम काय, दार्जिलिंग काय, सेनदा काय, तोंड थांबेचना. बाई हसायला लागल्या. "मग हे सोडताय कशाला?"

"नाहीच सोडायचं मला!" बोलून गेले, आणि माझं मलाच कळलं. डोळ्यांत पाणी आलं हो!

बाबांनी लॅपटॉप बंद केला. मी मान खाली घातली. मग त्यांनी स्वतःचा कप उचलला.

सुर्रर्र!

"अहो!" आई ओरडली.

"थांब गं," बाबा म्हणाले. "शिळाच आहे. फसवलं लेकाच्याने मला!"