दृष्ट काढलेल्या काचा

घासाघीस करताना मी आजवर एकदाच हरलो, आणि तेही चिमूटभर मिठापायी. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून ठेवतो.

खडकीत माझं काच कापायचं वर्कशॉप आहे. आरशांपासून सुरुवात केली आणि हळूहळू प्रयोगशाळांना लागणाऱ्या काचपट्ट्यांपर्यंत आलो. पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत एक मॅडम काचेवर सोनं वाढवत. वाढवत म्हणजे अक्षरशः वाढवत. आधी काचेवर डोळ्यांना न दिसणारं सोन्याचं बी लावायचं, मग पट्टी एका द्रावणात बुडवायची, की त्या बियांच्या बारीक काड्या होतात. काड्यांच्या आकारावर पट्टीचा रंग ठरतो. हवेत एखाद्या रसायनाची वाफ आली की तो रंग किंचित सरकतो, आणि त्यावरून वाफ ओळखायची. एवढ्या सोन्यात अंगठी होईल का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, मुंगीचीसुद्धा होणार नाही.

त्यांच्याकडे परदेशी काच यायची. ती ऑर्डर मी भांडून मिळवली. परदेशी काच वापरण्याआधी त्यांना तासभर धुवावी लागे. माझी काच धुवायची गरज नाही, पाकीट फोडा आणि वापरा, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

पहिल्या दोन खेपा वाटेत फुटल्या. बायको म्हणाली, शेजारच्या अॅल्युमिनियमवाल्याची नजर लागली. तिसरी खेप धुऊन ट्रेमध्ये वाळत होती, तेव्हा तिने मुठीत मीठ-मोहरी घेऊन ट्रेवरून ओवाळली आणि दृष्ट काढली. मूठ जरा सैल असावी. मोहरी दिसली ती तिने कुंचल्याने काढली. मीठ दिसलं नाही. ती खेप मात्र सुखरूप पोहोचली.

आठवड्याने मॅडमनी बोलावून घेतलं. काड्यांऐवजी त्रिकोण आले होते आणि पट्ट्या निळ्या झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, तुमच्या काचेत खोट आहे, आम्ही परत परदेशी काच घेतो. माझं डोकं फिरलं.

"आमच्या काचेला हात लावायच्या आधी माणूस तीनदा हात धुतो," मी म्हणालो. "वर माझी बायको दृष्ट काढते. परदेशात काढतात का कोणी?"

मॅडम थांबल्या. "कशाने काढतात?"

"मीठ-मोहरीने. आणखी कशाने काढतात?"

"मीठ कुठलं?"

"पुडीतलं. आयोडीनवालं. आम्ही काही हलकं वापरत नाही."

त्या खुर्चीतून उठल्याच. आयोडीन सोन्याला चिकटतं आणि वाढीची दिशा बदलतं, म्हणून त्रिकोण आले, असं त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. शिवाय निळी पट्टी काड्यांच्या पट्टीपेक्षा वाफ लवकर पकडत होती, हेही बोलून गेल्या. आयुष्यभर मी कुणाला साधा पत्तासुद्धा फुकट सांगितला नाही, आणि इथे रागाच्या भरात सगळी कृती सांगून बसलो होतो. तरी सावरलो. ही आमची खास प्रक्रिया आहे, तिचा दर वेगळा पडेल, असं सांगितलं. त्यांनी मान्य केलं आणि तशाच पन्नास पट्ट्या मागितल्या.

घरी बायको अडून बसली. "दृष्ट लागल्याशिवाय काढायची कशाची?"

शेवटी मी शेजारच्या अॅल्युमिनियमवाल्याला चहाला बोलावलं आणि ट्रेसमोर बसवलं. बऱ्या आहेत काचा, एवढंच म्हणून तो मोबाइल बघत बसला. नीट बघा, असं मी दोनदा सांगितलं. दुसरा चहा पाजल्यावर तो म्हणाला, चांगलंच चाललंय की तुमचं. तेवढ्यावर बायकोचं समाधान झालं. यावेळी तिने मनापासून काढली. इतकी मनापासून, की निम्म्या पट्ट्यांवर सोनं उगवलंच नाही.

मग मॅडमनी तोडगा काढला. काच माझीच घ्यायची, पण नुसती धुतलेली. आयोडीन त्या स्वतः मोजून द्रावणात घालणार. नव्या दरासाठी मला खरेदी विभागातल्या साहेबांकडे पाठवलं. त्यांनी चष्मा वर करून माझं बिल वाचलं.

"दृष्ट काढण्याचं काम आता आमच्याकडे आलं," ते म्हणाले. "तेवढे वजा करा."

मी म्हणालो, वाढीव दर वजा करा, पहिला दर ठेवा. त्यात दृष्ट धरलेली नव्हती.

"तिसऱ्या खेपेचा दर पहिलाच होता ना?"

"हो."

"आणि तेव्हा वहिनींनी दृष्ट काढली होती. म्हणजे पहिल्या दरातही ती आलीच की. आपणच सांगितलंत, खास प्रक्रिया आहे म्हणून."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, उठून दारापर्यंत गेलो. दारातून परत बोलावतात असा माझा अनुभव आहे. त्यांनी बोलावलं नाही. परदेशी काचेचं कोटेशन उघडून ते निवांत वाचू लागले. मी परत येऊन बसलो आणि आधीपेक्षाही कमी दरावर सही केली. सहीसाठी दिलेलं पेन त्यांचं होतं. ते खिशात घालून घरी आलो.