होडी उचलायची कप्पी

आमच्या वस्तीची होडी रोज संध्याकाळी नदीबाहेर उचलून टांगावी लागे, असं सांगितलं की बाहेरचा माणूस हसतो. नदीतली होडी नदीत का नाही ठेवायची? कारण आमची नदी रोज भरते आणि रोज उतरते. वरच्या वीजघरातून पाणी सुटलं की भिसेगावच्या पुढे आमच्या वस्तीसमोर छातीभर पाणी व्हायचं. पाणी बंद झालं की काळे दगड उघडे पडायचे. बांधून ठेवलेली होडी त्या दगडांवर बसायची आणि तळाच्या फळ्या फुटायच्या. आमची शेतं पलीकडे होती. बायका भाजीच्या पाट्या घेऊन कर्जतच्या बाजाराला याच होडीतून जायच्या.

म्हणून आठ घरांनी मिळून काठावर दोन सागाचे खांब रोवले, वर लोखंडी गर्डर टाकला आणि एक वापरलेली चेनकप्पी आणून टांगली. साखळी ओढली की होडी वर येई, उलट्या बाजूने ओढली की खाली जाई, आणि हात थांबवला की जिथल्या तिथे थांबे. कप्पी शोधून आणली ती माझ्या धाकट्या चुलत्याने. ती स्वतःच्या पोटची असल्यासारखा तो तिच्याशी वागायचा.

होडी वर गेली की माझा बा तिच्या खाली शिरून तळातलं बूच काढायचा, आत साचलेलं पाणी गळून जावं म्हणून. एका संध्याकाळी तो खाली वाकलेला असताना होडी करकरत हातभर खाली आली. साखळीला कोणाचाही हात नव्हता. मी ओरडलो. बा बाजूला झाला, पण होडीची कड त्याचा खांदा सोलून गेली.

"काय नाय झालं," बा म्हणाला. "कातडं गेलंय. हाड हाय जागेवर."

दुसऱ्या दिवशी होडी पुन्हा घसरली. रात्री आठही घरं समाजमंदिरात जमली.

मी त्याच साली बी.ए. झालो होतो. आठ घरांत पहिला, आणि खरं सांगायचं तर आसपासच्या चार वस्त्यांतही पहिला. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. बाबासाहेबांचं शिकण्याबद्दलचं सांगणं आमच्या घरात कोणी नुसतं भिंतीवर लावून ठेवलं नव्हतं. तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहून सांगितलं, "ही कप्पी झिजलेली आहे. दुरुस्तीच्या नादी लागू नका. दुसरी आणा."

"झिजली?" चुलता उसळला. "दर आठवड्याला तेल पितीया ती! जुनं झालं की टाकायचं, आसं शिकवत्यात काय रं कॉलेजात?"

"आवं, होडी भाऊजींच्या डोक्यात पडली म्हंजे मग शिकाल काय तुमी?" चुलती बायकांतून म्हणाली. हशा झाला. चुलता तरी हटला नाही.

बाला विचारलं. तो म्हणाला, "सुधरत आसंल तर सुधरवा. तवर मी जाईन की खालनं बेतानं."

त्याचं ते 'बेतानं' माझ्या डोक्यात गेलं. मी म्हटलं, "उद्या कप्पी उतरवायची. ती पुन्हा टांगली जाणार नाही, ही माझी जबाबदारी."

पण चुलत्याला घेतल्याशिवाय जाता येईना. कप्पी गोणपाटात बांधून आम्ही दोघं एस.टी.ने खोपोलीला गेलो आणि तिथून एका टेंपोने कुंभिवलीला. हायवेवर ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. इंजिनं उचलायला तो असल्याच कप्प्या वापरायचा आणि जुन्या विकायचाही. सगळ्या वाटेत चुलता माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. कप्पी मात्र दोघांच्या मांडीवर होती.

"ही ठेवून घ्या आणि चांगली बघून दुसरी द्या," मी मिस्त्रीला म्हटलं.

"सुधरंल का ते बघा आधी," चुलता म्हणाला.

मिस्त्रीने आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, पान्याने झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. बोट काळंभोर, तेल निथळत बाहेर आलं. "अरे बापरे! इसको तेल कोण पाजला?"

"आमी," चुलता छाती काढून म्हणाला. "आठ घरं हायेत. ज्याची पाळी, त्याचं तेल. एक आठवडा चुकला नाय."

मिस्त्री खाली बसून हसायला लागला. मग त्याने आतल्या दोन चकत्या काढून आमच्यासमोर धरल्या. "काका, हा ब्रेक हाय. साखळीला तेल लाव, दात्यांना ग्रीस लाव, कोण नाय बोलत नाय. पण ह्या कोरड्याच पायजेत. एकमेकीला घासून धरतात म्हणून होडी वर राहते. तुमी त्यांना आंघोळ घातली."

चुलत्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं कारण असं, की तेलाच्या पाळीचा तक्ता मीच आखला होता. समाजमंदिराच्या दाराला लावलेला, लाल शाईच्या रेघांचा, आठ नावं आणि पुढे सही. सामाईक वस्तू आहे, हेळसांड नको, म्हणून. मग आपल्या घराला कोणी बोल लावू नये म्हणून प्रत्येकजण मागच्यापेक्षा थोडं जास्तच ओतायचा, झाकणाच्या भोकातून, अगदी वर येईपर्यंत. आमच्या पाळीला मीही ओतलं होतं.

"दात्यांचं काय? झिजलेत ना?" मी विचारलं. माझा धीर सुटत चालला होता.

"दाते झकास. अजून दहा वर्षं चालतील." मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, दुसरी नेली असती तर तिला पण तेल पाजलं असतं ना? दोन महिन्यांत ती पण खाली आली असती."

त्या वाक्याने माझ्या डोळ्यांसमोर बा आला. नवी कप्पी म्हणून बा निर्धास्त खाली गेला असता. मी स्वतःच त्याला 'जा आता' म्हणालो असतो.

मिस्त्रीने चकत्या पेट्रोलने धुतल्या, काचपेपरने घासल्या, उन्हात वाळवल्या आणि कप्पीला ट्रकचं इंजिन लटकवून दाखवलं. आम्ही चहा घेऊन आलो तरी इंजिन तसूभर हललं नव्हतं. परतताना चुलता बोलायला लागला. "तू म्हनालास बदला, मी म्हनालो सुधरवा. आनि चूक दोघांची, पन निराळीच निघाली की रं," असं म्हणून तो टेंपोत इतका हसला की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. मलाही हसू आलं.

वस्तीत पोचल्याबरोबर मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी. सांगताना जड गेलं. पण सांगितल्यावर चुलती एवढंच म्हणाली, "बरं झालं, तेल तरी वाचलं." त्यावर विषय संपला.

कप्पी टांगली. होडीत वाळूची पोती भरून ती वर घेतली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली. खांबावर कोळशाने रेघ मारली होती. सकाळी होडीची कड त्या रेघेवरच होती. तरी मी बाला म्हटलं, "आता एक नियम. होडीखाली दोन ओंडके आडवे सरकवल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. तूसुद्धा नाही."

"कप्पी धरती हाय नव्हं आता?"

"धरते. तरी ओंडके."

"शिकलेल्या मानसाला भ्या लई," बा पुटपुटला. पण ओंडके त्याने स्वतःच सरकवले, खाली वाकला आणि बूच काढलं. पाण्याची धार दगडांवर पडली. तो दुखऱ्या खांद्याने सावकाश बाहेर आला, हात धोतराला पुसले आणि मला म्हणाला, "चल, जेवून घेऊ." आधीचे दोन दिवस मी धड जेवलो नव्हतो. त्या सकाळी मी चार भाकऱ्या खाल्ल्या.