हेलसिंकीची दोन पाळ्यांतली सहल

कामानिमित्त मी हेलसिंकी एकदा पाहून आले होते. चालायला सोपं, गर्दी कमी, समोर समुद्र. आई-बाबांना झेपेल असं परदेशातलं एवढंच शहर मला माहीत होतं, म्हणून जूनमधल्या चार दिवसांसाठी मी तेच ठरवलं. आखणी करायला मला मनापासून आवडतं. कुठे काय बघायचं, कुठे जेवायचं, पाय दुखले तर कुठे टेकायचं, हे आधी ठरलेलं असलं की माझा जीव भांड्यात पडतो.

एका रविवारी दादरहून लालबागला त्यांच्याकडे गेले आणि टेबलावर नकाशा पसरला. बाबा संपापर्यंत गिरणीच्या विणकाम खात्यात होते, पुढे एका गोदामावर वॉचमन. त्यांनी चष्मा पुसून बंदर शोधून काढलं. जूनमध्ये तिथे धड अंधार पडत नाही, असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग थय रातपाळी कशाक म्हणतत?" लाकडी खोलीत बसून घाम काढायचा तिथला प्रकार आईला सांगितला, तर ती म्हणाली, "त्याच्यासाठी विमान कित्याक? मे महिन्यात माझ्या किचनात येवन बस." एकूण मंडळी खुशीत होती. किल्ल्याच्या बेटावर बोटीने जायचं, बंदरावरच्या बाजारात मासे बघायचे, खडकात कोरलेलं चर्च पाहायचं, सगळं मंजूर झालं.

मग बाबा म्हणाले, "झकास. आयेक आधी घेवन जा. दोन दिवसांनी ती परत इली काय मी येतंय."

ते चेष्टा करत नव्हते. आमच्याकडे सुट्टी अशीच घेतली जायची.

संपाच्या पहिल्या मे महिन्यात आमची चाळ जवळजवळ रिकामी झाली होती. गिरणी बंद, मग मुंबईत बसून खायचं काय, म्हणून सगळे गावी गेले. आम्हीही दाराला कुलूप लावून कोकणात गेलो. माझी शाळा सुरू होणार म्हणून जूनमध्ये परत आलो. समोरचं बिऱ्हाड मात्र गणपती करूनच आलं. आले तेव्हा त्यांच्या दाराला वेगळंच कुलूप होतं. खोली रिकामी पडली आहे म्हणून मालकाच्या माणसाने ती दुसऱ्या कोणाला देऊन टाकली होती. भांडाभांडी झाली, चार जण मध्ये पडले, उपयोग झाला नाही. ती माणसं आमच्याकडे जेवली, गॅलरीत झोपली आणि काही दिवसांनी सामानासकट गावी गेली ती गेलीच.

त्यानंतर बाबांनी खोलीला कुलूप लागू दिलं नाही. कोणीतरी खोलीवर राहायचं, म्हणजे दोघांपैकी एकाने. मे महिन्यात आई आम्हा मुलांना घेऊन गावी जायची. ती फणस घेऊन दारात आली की बाबांची पिशवी भरलेलीच असायची. आई पाय धुवायची, बाबा चप्पल घालायचे. मामाच्या लग्नाला आई गेली, आजी वारली तेव्हा बाबा गेले. लहानपणी मला हे विचित्र वाटलं नाही. सगळ्यांचे आईवडील असेच पाळीपाळीने गावी जातात, असा माझा समज होता.

आता ती चाळ नाही. तिच्या जागी टॉवर उभा आहे, अकराव्या मजल्यावर त्यांच्या नावाचा फ्लॅट आहे, खाली गणवेशातले वॉचमन आहेत. ते घर कोणी हिसकावून घेणार नाही, हे बाबांना माझ्याइतकंच कळतं. मी त्यांना ते पुन्हा एकदा, जरा तावातच, समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समोरच्यांका पण असाच वाटला होता."

पुढचा आठवडाभर मी खरोखरच दोन पाळ्यांची सहल जमते का ते पाहिलं. आईला घेऊन जायचं, मुंबईला आणून सोडायचं, बाबांना घेऊन परत जायचं. हेलसिंकी म्हणजे काय कणकवली आहे? मला दोघांचाही राग आला होता. बाबांचा त्यांच्या हट्टासाठी, आईचा ती काही बोलत नव्हती म्हणून.

ती बोलली ती पुढच्या रविवारी, मेथी निवडता निवडता. बाबांकडे न बघताच म्हणाली, "माका हेलसिंकी नको नि काय नको. तुमच्या वांगडा खयतरी जावचा हा. एस्टीत बाजूक बसान तुमी शेवटचे कधी इलास, आठवता? संपाच्या वर्षी. तेव्हा पण वाटभर गप्पच होतात." आवाज चढला नव्हता. बाबा उठून खिडकीशी गेले. मी नकाशाची घडी घातली आणि हा बेत बारगळला असं धरून चालले.

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. व्हिसाला फोटो कसले लागतात, पांढऱ्या पडद्यापुढचे का, एवढंच विचारलं. मी खोदून विचारलं नाही. तिघांचे अर्ज भरले.

व्हिसाच्या कार्यालयात काउंटरवरची मुलगी माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होती आणि कंटाळलेली होती. तिने बाबांच्या अर्जावर नजर फिरवली आणि हिंदीत विचारलं, दोघं एकत्र प्रवास करणार की वेगवेगळा? बाबांनी आईकडे पाहिलं. ऐकू आलं नसेल असं वाटून तिने पुन्हा विचारलं. आई काउंटरची कड धरून उभी होती. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या दोघांना कोणी विचारलाच नव्हता, आम्ही मुलांनीसुद्धा.

"साथ में," बाबा म्हणाले. मग तिला नीट कळलं नसेल असं वाटून मराठीत सांगितलं, "एकत्र. ही आणि मी."

मुलीने अर्जावर खूण केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आईने भर कार्यालयात बाबांचा हात धरला आणि लिफ्टपर्यंत सोडला नाही. मी मागून चालत होते. मी त्या दोघांना असं कधीच पाहिलं नव्हतं.